लाइन व्यस्त, मीटर चालू

अमेरिका ऑनलाइन म्हणजे ‘एओएल’ या कंपनीने २०२५च्या ऑगस्ट महिन्यात एक छोटंसं निवेदन काढलं. टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेटला जोडून देण्याची तिची सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद होणार होती. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला आपल्याकडच्या ‘गियास’ला ३० वर्षं पूर्ण झाली. गियास, म्हणजे गेटवे इंटरनेट अ‍ॅक्सेस सर्व्हिस. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत ती सुरू केली आणि सर्वसामान्य भारतीय माणसाला पैसे मोजून इंटरनेट मिळू लागलं. या दोन निमित्तांनी वृत्तपत्रांत आठवणींचे स्तंभ आले. त्यांत मोडेमच्या कर्कश आवाजाचं कौतुक होतं, ‘ते दिवस’ होते, थोडे उसासेही होते.

माझं लक्ष त्या आठवणींपेक्षा तक्रारींकडे आहे. कुठलंही तंत्रज्ञान समाजात कसं उतरलं हे जाहिरातींवरून कळत नाही, गौरवग्रंथांवरून तर नाहीच. ते वापरणाऱ्याने कपाळावर हात कधी मारला, यावरून कळतं. डायल-अपबद्दल आज सरसकट सांगितलं जातं की ते फार संथ होतं. ते संथ होतंच. पण तेव्हाच्या माणसाला त्या संथपणाचा एवढा जाच होत नव्हता, कारण तुलना करायला जवळ दुसरं काही नव्हतं. परदेशातल्या मुलाला पत्र पोहोचायला जिथे दहा-बारा दिवस लागत, तिथे ई-मेल दहा मिनिटांत गेली काय आणि अर्ध्या तासात गेली काय. खरा संताप दुसऱ्या दोन गोष्टींचा होता. एक, न जमलेल्या जोडणीचेही पैसे द्यावे लागत. दोन, जोडणी का जमली नाही, हे सांगायला कोणीच बांधील नव्हतं. या दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर आधी टेलिफोनच्या तारेकडे पाहावं लागतं.

टेलिफोनचं जाळं बोलण्यासाठी बांधलेलं आहे. माणसाचं बोलणं समजायला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्या कंपनांचा पट्टा पुरतो, म्हणून तेवढाच पट्टा नीट पोहोचवायचा, असं हे जाळं बांधणाऱ्यांनी ठरवलं. संगणकाची भाषा शून्य आणि एक यांची. ती या अरुंद नळीतून न्यायची तर तिला आवाजाचं सोंग घ्यावं लागतं. ते सोंग चढवणारं आणि पलीकडे उतरवणारं यंत्र म्हणजे मोडेम. नंबर लागल्यावर जो किंचाळल्यासारखा आवाज येई, तो दोन मोडेमांचा वाटाघाटीचा आवाज होता. आधी पलीकडचा मोडेम २,१०० हर्ट्झचा एक सरळ सूर काढी. तो लांब पल्ल्याच्या तारांवरच्या प्रतिध्वनी दाबणाऱ्या यंत्रणेसाठी असे: आता इथे माणसं बोलणार नाहीत, तू बाजूला हो. मग दोघं वेगवेगळे सूर पाठवून तार किती चांगली आहे ते चाचपत, कुठला सूर दबतो, कुठे खरखर आहे ते पाहत आणि झेपेल त्या वेगावर तोड काढत. शेवटचा फसफसता आवाज म्हणजे ठरलेल्या वेगाने सुरू झालेली देवाणघेवाण. त्यानंतर मोडेमचा स्पीकर आपोआप गप्प होई.

या सगळ्याला वीस-तीस सेकंद लागत. आणि इथेच पहिली मेख होती. टेलिफोन खात्याच्या लेखी पलीकडच्याने फोन उचलला त्या क्षणी कॉल सुरू होतो. मोडेमांची वाटाघाट फिसकटली, तरी कॉल झालेला असतो आणि युनिट पडलेलं असतं. लाइन एंगेज लागली तर माणूस चिडे, पण एंगेज टोन फुकट होता. फोन लागणं, पलीकडचा मोडेम किंचाळणं, आशा वाढणं आणि मग पडद्यावर ‘नो कॅरियर’ हे दोन शब्द येणं, हे खिशातून जाई. त्या काळच्या तक्रारींत एंगेज टोनचा उल्लेख सर्वांत जास्त सापडतो. माझ्या मते लोकांचा राग एंगेज टोनवर निघत होता, पैसे मात्र ‘नो कॅरियर’मध्ये बुडत होते.

आता पैशांचाच हिशेब करू. गियासचं सुरुवातीचं वैयक्तिक खातं २५० तासांना ५,००० रुपये असं होतं, वेग ९,६०० बिट प्रतिसेकंद. संस्थांना मिळणाऱ्या, चित्रं वगैरे दाखवू शकणाऱ्या खात्याला १५,००० रुपये आणि त्याहून अधिक. म्हणजे साध्या खात्याचा तास २० रुपयांना पडला. ९,६०० बिटांचा वेग म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला ९६० अक्षरं. एक मेगाबाइट उतरवायला अठरा मिनिटं. तासाला सव्वातीन मेगाबाइटच्या आसपास, तेही तार एकदाही न तुटता. वर्षाचे सगळे २५० तास एक क्षणही वाया न घालवता फक्त माहिती उतरवण्यात घालवले असते, तर हाती आलेली सामग्री एका सीडीत मावून थोडी उरली असती. पाच हजारांत एक सीडी आणि वर थोडं! शिवाय टेलिफोनच्या स्थानिक कॉललाही ठरावीक मिनिटांनी युनिट पडत राही, त्याचं बिल वेगळं. एकाच तासावर दोन मीटर चालत होते आणि ते दोन वेगळ्या संस्थांचे होते.

त्या पाच हजारांत मिळणारं ‘शेल’ खातं नव्या पिढीला समजावून सांगणं अवघड जातं. तुमचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नसे. तो विदेश संचारच्या युनिक्स संगणकाला जोडलेला असे आणि इंटरनेटवर असे तो युनिक्स संगणक. तुम्ही फक्त दुरून त्याचा कळफलक बडवत होता. पत्रांसाठी ‘पाइन’, वेबसाठी ‘लिंक्स’. लिंक्समध्ये चित्रं नाहीत, रंगांची चैन नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. एखादी फाइल हवी असली तर ती आधी त्या युनिक्स संगणकावर आणायची, मग ‘झेडमोडेम’ नावाच्या पद्धतीने तिथून घरी उतरवायची. झेडमोडेम लोकांना इतका प्रिय का होता, याचं उत्तर एकाच सोयीत आहे: मधेच तार तुटली तर पुन्हा जोडल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येई. तार तुटणार, हे गृहीत धरूनच ती सोय केलेली होती.

पत्त्यांचीही गंमत होती. मुंबईकर ग्राहकाच्या ई-मेल पत्त्यात ‘गियास-बीएम-शून्य-एक’ असा तुकडा येई. त्यातलं बीएम हे बॉम्बेचं. त्याच वर्षाच्या शेवटी शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, पत्ता मात्र बॉम्बेतच राहिला. शेल खात्यावर देवनागरीचा प्रश्नच नव्हता. मराठी माणसं मराठी पत्रं रोमन लिपीत लिहीत. ‘ळ’ आणि ‘ल’ एक झाले, ‘ण’ आणि ‘न’ एक झाले आणि वाचणारा अंदाजाने समजून घेई. त्यात ज्यांच्या मोडेममध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय नव्हती किंवा ती चालू केलेली नव्हती, त्यांच्या पडद्यावर मजकुराच्या मधोमध महिरपी कंसांची आणि भलत्याच चिन्हांची रांगोळी उमटे. ती तारेतली खरखर होती. मोडेमच्या कानाला ती अक्षरांसारखी वाटे.

आता त्या बदनाम एंगेज टोनकडे येऊ. त्यामागे गणित आहे आणि ते इंटरनेटहून बरंच जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली एक सूत्र मांडलं. अमुक तारा आहेत, लोकांची मागणी तमुक आहे, तर किती जणांना ‘व्यस्त’ ऐकावं लागेल, हे त्यातून निघतं. मागणी मोजण्याच्या एककालाच पुढे एरलांग हे नाव मिळालं. एक तार पूर्ण वेळ बोलण्यात गुंतली, तर ती एक एरलांग मागणी.

समजा दहा मोडेम आहेत आणि मागणी पाच एरलांग आहे. एरलांगच्या सूत्राने शंभरातल्या दोनाहून कमी कॉलना एंगेज लागेल. कोणी तक्रारही करणार नाही. आता मोडेम तेच दहा ठेवा आणि मागणी दुप्पट, म्हणजे दहा एरलांग करा. वरवर पाहता दहाला दहा पुरायला हवेत. पण लोक रांग लावून, वेळ वाटून फोन करत नाहीत, मनाला येईल तेव्हा करतात. त्यामुळे एंगेज लागण्याचं प्रमाण एकदम शेकडा एकवीसच्या पुढे जातं. मागणी पंधरा केली तर एक्केचाळीस. म्हणजे ग्राहक दुप्पट झाले की तक्रारी दुप्पट होत नाहीत, दसपट-बारापट होतात. शिवाय हे सूत्र धरून चालतं की ज्याला एंगेज लागलं तो निमूट निघून जातो. मोडेमवाला निघून जात नाही. त्याचा संगणक दर काही सेकंदांनी तोच नंबर पुन्हा फिरवत बसतो. प्रत्येक निराश ग्राहक असा दहा-दहा ग्राहकांसारखा वागू लागला की सूत्राचा आकडाही सौम्य वाटू लागतो.

टेलिफोन खात्याच्या बाजूने पाहिलं तर त्यांचीही पंचाईत होती. सगळं जाळं तीन-चार मिनिटांच्या बोलण्याच्या हिशेबाने बांधलेलं. एका एक्सचेंजमधून दुसऱ्यात जाणाऱ्या तारांची संख्याही त्याच हिशेबाने ठरलेली. मोडेमवाला तासभर बसतो. काही शे माणसं एकाच वेळी शहराच्या एकाच कोपऱ्यातल्या इमारतीकडे फोन लावून तासतासभर बसली, तर त्या दिशेच्या तारा संपतात आणि ज्याला इंटरनेटशी देणंघेणं नाही अशा माणसाच्या कानीही ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ पडतं.

याहून छळणारा एक प्रकार होता. त्याचं कारण फारच थोड्या ग्राहकांना कळलं असेल. सेवा देणारी संस्था शंभर मोडेमांसाठी शंभर नंबर जाहीर करत नाही. एकच नंबर असतो आणि एक्सचेंज त्यामागची पहिली मोकळी तार शोधून देतं. समजा त्या रांगेतला एक मोडेम बिघडला. तो फोन उचलतो, पण वाटाघाट करत नाही. तीस सेकंदांत कॉल तुटतो आणि तो मोडेम पुन्हा मोकळा. शेजारचे धडधाकट मोडेम तासतासभर गुंतलेले. मग पुढचा कॉल कोणाकडे जाईल? अर्थात त्या मोकळ्या बिघडलेल्याकडे. त्याच्या पुढचाही तिकडेच. शंभरातला एक मोडेम आजारी असला तर शंभरातला एक कॉल फुकट जाईल असं आपलं सहज गणित सांगतं. प्रत्यक्षात गर्दीच्या वेळी निम्मेअधिक कॉल तोच खाऊन टाकू शकतो. बाहेरून ग्राहकाला एवढंच दिसतं की आज आठ वेळा फोन लागला आणि आठही वेळा तुटला. तो आपला मोडेम उघडून बसतो. आत नियंत्रण कक्षात बसलेल्याला दिसतं की नव्याण्णव मोडेम उत्तम चालले आहेत. दोघंही खरं बोलत असतात.

तक्रार घेऊन जायचं कुठे, हा दुसरा मोठा जाच इथूनच सुरू होतो. मुंबईतल्या माणसाची जोडणी कुठून कुठून जात होती ते पाहा. घरातला संगणक आणि मोडेम त्याचा स्वतःचा, दुकानदाराकडून घेतलेला. तिथून एक्सचेंजपर्यंतची तार महानगर टेलिफोन निगमची. एक्सचेंज ते एक्सचेंज तारा त्यांच्याच, पण खातं वेगळं. मोडेमांची रांग आणि युनिक्स संगणक विदेश संचारचे. तिथून पुढे समुद्रापार जाणारा मार्ग आणि त्यापलीकडे अमेरिकेतला कुठला तरी सर्व्हर. पाच-सहा दुवे आणि ‘नो कॅरियर’ मात्र एकच. विदेश संचार म्हणे, तुमची तार तपासून घ्या. म्हणून १९८ फिरवून तक्रार नोंदवावी, तर लाइनमन येई, रिसीव्हर कानाला लावी, कोणाशी तरी दोन वाक्यं बोले आणि म्हणे, “साहेब, फोन तर चालू आहे.” त्याचं चूक नव्हतं. त्याच्या नियमांत फोन म्हणजे बोलणं. बोलण्यातली खरखर माणसाचा मेंदू गाळून टाकतो, मोडेमला ती गाळता येत नाही. खात्याने ग्राहकाला बोलण्याची सेवा विकली होती आणि ती चालू होती.

पावसाळ्यात हे प्रकरण विशेष रंगात येई. जुन्या शिशाच्या वेष्टनातल्या केबलींमध्ये तारांभोवती कागदाचं आवरण असे. जोडाच्या ठिकाणी फट पडली की पाणी आत शिरे, कागद ते शोषून घेई आणि शेजारशेजारच्या तारा एकमेकींचं ऐकू लागत. पुढे जेलीने भरलेल्या केबली आल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. पण जुनी मुंबई, जुनं पुणं, तालुक्याची गावं इथे कागदी केबली बराच काळ जमिनीत होत्या. जून महिन्यात मोडेमचा वेग का उतरतो, याचं उत्तर गटाराशेजारच्या खड्ड्यात होतं. पहिल्या वळवाच्या विजांनी टेलिफोनच्या तारेतून येऊन जाळलेले मोडेम हा आणखी वेगळा विषय. रिपेअरिंगच्या दुकानांचा तो हंगामच असे.

१९९९-२००० या काळात मी ठाण्यात एका लहानशा संगणक विक्रीच्या दुकानात होतो आणि घरोघरी मोडेम बसवायला जात असे. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांचं प्रकरण माझ्या चांगलं लक्षात आहे. मुलगी परदेशात, तिची पत्रं यायची, पण जोडणी दोन-तीन मिनिटांत तुटायची. सेवा देणाऱ्याकडे तक्रार झाली होती, टेलिफोनवाल्यांकडे तीनदा झाली होती, आमच्या दुकानाने मोडेम बदलून दिला होता. काकांनी प्रत्येक तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवला होता, तारीख-वारासकट. मला म्हणाले, “अरे, सगळे म्हणतात आमचं बरोबर आहे. मग चूक काय माझ्या मुलीची आहे का?” मी मोडेमला कमाल वेगाचा हट्ट सोडायला सांगितलं, ३३,६०० ऐवजी १४,४०० वर आणून ठेवलं. जोडणी टिकली. काकांना ते पटेना: पैसे दिले जास्त वेगाचे आणि तू कमी करून जातोस? मग घरभर फिरल्यावर कारण दिसलं. हॉलमधल्या फोनवरून स्वयंपाकघरात एक जादा फोन नेला होता, सपाट स्वस्त वायरने, ट्यूबलाइटच्या पट्टीला चिकटवून. ती वायर काढल्यावर वेगही वाढवता आला. काकूंचा स्वयंपाकघरातला फोन मात्र गेला आणि त्याबद्दलची तक्रार मला पुढची दोन वर्षं ऐकावी लागली.

वेग कमी केला की जोडणी टिकते, ही गोष्ट त्या काळातल्या जाणत्या वापरकर्त्यांमध्ये गुरुमंत्रासारखी फिरत असे. असे मंत्र पुष्कळ होते आणि ते सगळे मोडेमला द्यायच्या आज्ञांत होते. हेज कंपनीने १९८१ साली आणलेल्या स्मार्टमोडेमपासून या आज्ञा ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतात. एटीडीटी म्हटलं की मोडेम सुरांनी नंबर फिरवतो, एटीडीपी म्हटलं की जुन्या चकतीच्या फोनसारखे टक-टक ठोके देतो. जुन्या एक्सचेंजवरचा ग्राहक टीऐवजी पी लिहायला विसरला, तर त्याचा मोडेम सूर आळवत बसे आणि एक्सचेंज ढिम्म. ‘एस-१०’ नावाच्या खणातला आकडा वाढवला, तर पलीकडचा आवाज क्षणभर नाहीसा झाला तरी मोडेम लगेच फोन ठेवत नसे. कॉल वेटिंगच्या टिकटिकीने जोडणी तुटणाऱ्यांना त्याचा उपयोग होई. या गोष्टी ग्राहकाला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. ज्याला त्या माहीत होत्या त्याला अर्थातच चार घरं जास्त मिळत. मीही त्यातलाच.

चार महानगरांनंतर पुणे आणि बंगळूरू इथे केंद्रं आली. पण सांगली, नाशिक, कोल्हापूर किंवा गोव्यातल्या माणसाला सुरुवातीला पुण्या-मुंबईचा नंबर एसटीडीने फिरवावा लागे. एसटीडीचे दर दिवसा पूर्ण आणि रात्री अकरानंतर चौथाई. त्यामुळे गावातलं इंटरनेट रात्री अकराला उगवे. सगळ्यांचं एकाच वेळी! अकरा वाजून एक मिनिटाने पुण्याची लाइन एंगेज लागायला लागे. स्वस्त दराची वेळ ठरवून खात्याने गर्दीचीही वेळ ठरवून टाकली होती.

हे सगळं आपल्या सरकारी मक्तेदारीचं फळ, असं म्हणण्याची तेव्हा रीत होती आणि त्यात तथ्यही होतं. विदेश संचारचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजेंद्र सिंगल यांनी सुरुवातीच्या गोंधळाची चूक पुढे जाहीरपणे कबूल केली. मागणीचा अंदाज चुकला, तयारी अपुरी होती. पहिल्या सहा महिन्यांत दहा हजारांच्या आसपास ग्राहक आले आणि जाळं धापा टाकू लागलं. पण मक्तेदारी हे पूर्ण उत्तर नव्हे, हे अमेरिकेकडे पाहिलं की कळतं. तिथे स्पर्धा होती, पैसा होता, तारा चांगल्या होत्या. एओएल तोवर महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये पाच तास देई आणि पुढच्या प्रत्येक तासाला २.९५ डॉलर लावी. १ डिसेंबर १९९६ पासून तिने १९.९५ डॉलरमध्ये हवा तेवढा वेळ अशी योजना आणली. काही आठवड्यांतच देशभर एंगेज टोन ऐकू येऊ लागला. मीटर गेला आणि लोकांनी फोन ठेवणंच सोडलं. एकदा तुटलं तर पुन्हा लागेल याची खात्री नाही, म्हणून माणसं जेवायला जाताना जोडणी तशीच चालू ठेवून जात. त्याने लाइन आणखी एंगेज, म्हणून आणखी लोक धरून बसत. जानेवारी १९९७ मध्ये तीसहून अधिक राज्यांच्या महाधिवक्त्यांशी समझोता करून एओएलला ग्राहकांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली.

आपल्याकडे माणूस मीटरच्या धाकाने लवकर फोन ठेवत होता आणि तरी लाइन एंगेज होती; तिकडे मीटर नव्हता म्हणून ठेवत नव्हता आणि म्हणून एंगेज होती. एरलांगचं सूत्र दोन्हीकडे तेच. फरक पडला तो दाद मागण्यात. अमेरिकन ग्राहकाचं गाऱ्हाणं एका कंपनीपुरतं होतं, तिचं नाव त्याला माहीत होतं आणि राज्याचा महाधिवक्ता त्याच्या वतीने तिला जाब विचारू शकत होता. आपला ग्राहक दोन सरकारी निगमांच्या मध्ये उभा होता आणि त्या दोघांचा मालक एकच होता. ग्राहकांनी एकत्र येण्याचे प्रयत्न इथेही झाले. अभिनेते शम्मी कपूर हे मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या आणि हौशी इंटरनेट वापरकर्त्यांपैकी. ‘इंटरनेट युजर्स कम्युनिटी ऑफ इंडिया’ या संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. पडद्यावर धसमुसळेपणासाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस घरी मोडेमसमोर किती धीराने बसत असेल, हा विचार मला नेहमी गंमतीचा वाटतो.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची मुभा मिळाली, दर भराभर उतरले. त्याच वर्षी ५६ हजार बिट वेगाच्या मोडेमांचं एकच प्रमाण ठरलं. त्याआधी वर्षभर दोन परस्परविरोधी पद्धतींचे मोडेम बाजारात भांडत होते आणि ग्राहकाने चुकीचा घेतला तर त्याचा वाढीव वेग नुसता शोभेचा. या नव्या मोडेमांच्या खोक्यावर ५६ छापलेलं असे, घरी मात्र चाळीसच्या आसपास किंवा त्याहून खालचे आकडे दिसत. ती पद्धत एका अटीवर चालते: सेवा देणाऱ्याकडून निघालेला अंकीय संदेश फक्त शेवटच्या टप्प्यात, तुमच्या एक्सचेंजमध्ये, आवाजात बदलला पाहिजे. मधे एखादं जुनं एक्सचेंज आलं, दुसऱ्यांदा रूपांतर झालं, की सगळा फायदा गेला आणि मोडेम मुकाट्याने जुन्या पद्धतीवर उतरला. खोक्यावर ही अट छापलेली नसे.

दुवे तेवढेच राहिले, फक्त त्यांत आणखी एका कंपनीची भर पडली. तक्रारीला पुरावा मिळाला तो थेट २००५ नंतर, तांब्याच्या त्याच तारेवर ब्रॉडबँड आलं तेव्हा. त्यात बोलणं खालच्या चार हजार हर्ट्झमध्ये राहतं आणि इंटरनेट पंचवीस हजार हर्ट्झच्या वरून जातं, त्यामुळे फोन मोकळा राहतो आणि नंबर फिरवावाच लागत नाही. एंगेज टोन संपला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरातला मोडेम आणि एक्सचेंजमधलं यंत्र, दोघंही आता तारेतली खरखर आकड्यात मोजून ठेवू लागले. ग्राहकाला तो आकडा मोडेमच्या पानावर दिसे, एक्सचेंजमधल्या माणसाला त्याच्या पडद्यावर. फोन चालू आहे की नाही हे कानाला रिसीव्हर लावून सांगणारा लाइनमन आता घरात आल्यावर आधी विचारू लागला, “एसएनआर किती दाखवतंय?”